पोलंडवाल्यांच्या लग्नात आमचा रुसवा

ज्याच्या घरात तीन लहान मुलं आहेत आणि गावात थोडीफार अब्रू आहे, त्यानं पोलंडच्या माणसाच्या लग्नाला जाऊ नये. गेलाच तर दोहोंपैकी एक काहीतरी घरी ठेवून जावं. मुलं सांभाळायला आमच्याकडे माणूस नव्हतं आणि अब्रू घरी ठेवावी हे मला वेळेवर सुचलं नाही.

लग्न होतं आंबेनळीच्या घाटात खडक तपासत हिंडणाऱ्या एका साहेबाचं. त्याचं खरं नाव झ्दिस्लाव. हे नाव एका दमात घ्यायला वेगळे दात लागतात. घाटातल्या मजुरांनी त्याचा सरळ 'दिसलासाहेब' करून टाकला आणि तोही बिचारा त्या नावाला ओ देऊ लागला. पोलादपुराबाहेर एका बंगल्यात तो राहत असे आणि आठवड्यातून एकदा फटफटीवरून महाडला येऊन माझ्याकडे मराठी शिकत असे. म्हणजे मी त्याचा गुरू. हा शब्द नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दापायी घडलं.

"मास्तर, माझे लग्न आहे. आपण सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे," असं तो एके दिवशी मीच शिकवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला. झालं. संध्याकाळपर्यंत आमच्या आळीला मी सांगून बसलो होतो की साहेबानं मला गुरू म्हणून बोलावलंय, नवरदेवाच्या शेजारी खुर्ची आहे आणि शाल-श्रीफळ देऊन जाहीर सन्मान आहे. शालीबद्दल साहेब चकार शब्द बोलला नव्हता हे खरं. पण शिष्य गुरूला दुसरं देतो काय?

आमच्या शेजारी मुरारीअण्णा राहतात. ते पेन्शनीत निघालेले कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, आता अर्ज येत नाहीत म्हणून माणसांवर मारतात. सकाळी ओट्यावर उभं राहून चूळ भरता भरता ते आळीतल्या प्रत्येक घराचा निकाल लावतात.

"पोलंड म्हणजे आलं कुठं ते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, युरोपात. सव्वाशे वर्षं तीन बादशहांनी वाटून खाल्लेला देश, आता स्वतंत्र झालाय.

"तिघांची गुलामी सुटली, आणि आपल्याला एकाची सुटेना!" अण्णा म्हणाले आणि त्यांनी चूळ टाकली. मग पंचांग काढलं. "पौषात लग्न? बरं, मुलगी कोण?"

"यादविगा."

"मग यादव असतील. देवगिरी पडल्यावर निघून गेलेली घराणी कुठं कुठं पोचली याचा पत्ता नाही." आणि एवढं ज्ञान पाजळून झाल्यावर खरा टोला हाणला. "पण मास्तर, ते गुरूबिरू काही नाही हो. मजुरांना 'इकडे बसा, तिकडे बसा' सांगायला दुभाषा हवा असेल साहेबाला. घेऊन या शाल, मग बोलू."

हा शेवटचा शेरा माझ्या जिव्हारी लागला. त्या क्षणापासून शाल घेतल्याशिवाय आळीत पाऊल ठेवायचं नाही, असा मी मनाशी पण केला.

पलीकडच्या बनुबाईंना शालीचं काही नव्हतं. त्यांना काळजी पावाची. त्या माझ्या बायकोला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, बजावत होत्या, "आनंदीबाई, पोरांना पावाला शिवू देऊ नका हो. पाव पोटात गेला की माणूस संपला." त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईला इराण्याच्या डोक्यावर खोली घेऊन राहतो. सकाळच्या चहात तो काय बुडवतो हे सगळ्या महाडला ठाऊक आहे. पण बोटीतून दासगावला उतरला की तो आपोआप शुद्ध होतो. आमच्या गावाला शुद्धतेची भारी हौस. चवदार तळ्याला माणसांचे हात लागले म्हणून ज्यांनी ते शेणागोमूत्रानं धुऊन काढलं, त्यांना पोरांच्या पोटातला पाव शोधून काढणं काय अवघड?

मग रजा. आमच्या शाळेवर एक वरची कचेरी आहे. अर्जात मी सरळ लिहिलं, 'शिष्याच्या विवाहास उपस्थित राहणेसाठी.' उलट टपालानं विचारणा आली की सदर विद्यार्थी कोणत्या इयत्तेत आहे, शारदा कायद्याप्रमाणे त्याचं वय भरलं आहे काय, आणि बालविवाहास उत्तेजन दिल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये? मी कळवलं की विद्यार्थी चाळिशीचा असून त्याला टक्कल आहे. त्यावर, एवढा मोठा इसम प्राथमिक शाळेच्या पटावर कसा राहिला, याचा खुलासा मागवण्यात आला. शेवटी 'पोटदुखी' लिहिलं. रजा लगेच मंजूर झाली. खरं बोलणाऱ्या मास्तराची सरकारला सवय नसावी.

मोटारीचा प्रवास मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की निघताना बनुबाईंनी 'वाटेत पाव नको खायला' म्हणून मुलांना प्रत्येकी दोन बेसनाचे लाडू चारले होते आणि पोलादपूर यायच्या आत ते सगळे परत आले. मोरूनं स्वतःच्या सदऱ्यावर आणले, तुळसानं एका अनोळखी गृहस्थाच्या छत्रीवर आणि धाकट्या पांडूनं माझ्या जरीकाठी उपरण्यावर. हे उपरणं मी शालीखाली शोभावं म्हणून घातलं होतं.

बंगल्याच्या फाटकाशी रायबा मुकादम उभा होता. डोंगरवाडीतला माणूस. दोन-चार वर्षं मुंबईच्या गोदीत काढून आलेला आणि आता साहेबाच्या सुरुंगवाल्या मजुरांवर देखरेख करणारा. "याव मास्तर, टायमावर आलाव," तो म्हणाला. "पोरां पार पिवळी पडलीत की वो. जने, पानी आन गो!" त्याची बायको जनी कळशी घेऊन आली. मी तिला सांगितलं की आमचं सोवळं-ओवळं आहे, तेव्हा पाणी अंगणातच ठेव. तिनं माझ्या उपरण्याकडे पाहिलं आणि कळशी अंगणात ठेवली.

बंगल्याच्या पायरीवर मुंबईहून आलेल्या एक जाडजूड पोलंडच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात भरतकामाचा पंचा, पंच्यावर गोल गरगरीत पाव आणि पावावर मिठाची वाटी. त्यांच्याकडे म्हणे नवरानवरीचं स्वागत भाकर आणि मिठानं करतात. वडीलधाऱ्यांनी द्यायचं, जोडप्यानं खायचं, म्हणजे संसारात अन्न तुटत नाही. हे सगळं मला मागाहून कळलं. मोरूला काहीच कळलं नाही. पोट रिकामं झालेलं पोर ते. पांचगणीहून आलेला पाद्री मंत्र म्हणून बाजूला होतो न होतो, नवरानवरी पायरीकडे वळतात न वळतात, तोच हा पुढे धावला, पावाचा लचका तोडला, मिठात बुडवला आणि तोंडात घातला. पाठोपाठ तुळसा. तिच्या पाठोपाठ, अजून धड चालताही न येणारा पांडू.

आमच्या कुटुंबानं डोळे मिटून घेतले. मला आमची सगळी आळी डोळ्यांपुढे दिसू लागली. पाहुणे मात्र टाळ्या वाजवत होते. "फार उत्तम!" साहेब ओरडला. "लेकरांनी प्रथम खाल्ले. घरात लेकरे येतील!" त्या बाईंनी उरलेला पाव मोरूच्याच हातात दिला. माझी तिन्ही मुलं एका मिनिटात बाटली, आणि लोक त्याला शकुन म्हणत होते.

एवढंही मी गिळलं असतं. माझं लक्ष खुर्चीवर होतं. पण नवरदेवाच्या शेजारी नवरी बसली. हे एक वेळ ठीक आहे. तिच्या पलीकडे पाद्री बसला. मला साहेबानं हाताला धरून एका लांब बाकड्यावर नेलं आणि रायबा मुकादमाच्या शेजारी बसवलं.

"साहेब, ही माझी जागा?" मी विचारलं.

"होय मास्तर. आज सर्व सारखे!"

शाल नाही, श्रीफळ नाही, आणि वर सर्व सारखे! पाणिनीपासूनची परंपरा आणि सुरुंगाची दारू एका बाकड्यावर! मी ताडकन उठलो. "आम्ही जरा बाहेर बसतो," असं मोठ्यानं म्हणालो आणि बंगल्याच्या मागच्या जांभळीखाली जाऊन पाठ फिरवून बसलो. थोडक्यात, मी रुसलो.

लग्नातला रुसवा ही हलकीसलकी गोष्ट नव्हे. तिला शास्त्र आहे. आधी कोणीतरी बघावं लागतं की अमके उठून गेले. मग कुजबुज व्हावी लागते. मग एखादी किरकोळ आसामी समजूत घालायला येते, तिला झिडकारायचं. मग वजनदार माणूस येतो, त्याला 'आमचं काही नाही हो, तुमचं चालू द्या' म्हणायचं. शेवटी खुद्द यजमान उपरणं हातात घेऊन येतो, आणि मग आपण गुडघ्यावर हात टेकून, मोठा उपकार केल्यासारखे उठतो. आमचे एक काका असे तीन पंक्ती रुसून राहिले होते आणि चौथ्या पंक्तीला चांदीचं तबक घेऊन उठले होते. माझ्या हिशेबानं शाल आता अर्ध्या तासाच्या आत यायला हवी होती.

पहिली किरकोळ आसामी आली ती बाटली घेऊन. लाल मिशांचा एक पोलंडवाला. त्यानं पेला माझ्या हातात दिला. मी म्हटलं, नको. तो हसला. मी म्हटलं, नको नको. तो आणखी हसला आणि पेला काठोकाठ भरला. मी हात जोडले, त्यानंही जोडले. या माणसाला नकार हा प्रकारच माहीत नसावा. शेवटी तो पाठ वळवेपर्यंत थांबून मी पेला जांभळीच्या मुळाशी ओतला.

त्यानंतर खुद्द साहेब आला. माझी छाती फुगली. शास्त्रातल्या मधल्या पायऱ्या गाळून एकदम यजमान! "मास्तर, आपणांस भोजन?" त्यानं विचारलं. मी मान फिरवून म्हणालो, "नको."

"बरे," साहेब म्हणाला आणि गेला.

तो खरोखरच गेला! मी मान वळवून पाहिलं तर पायरीही चढून झाला होता. मग आठवलं, की दुसऱ्याच धड्याला मी त्याला बजावून सांगितलं होतं, मराठी माणूस सरळ, त्याचं 'नको' म्हणजे 'नको', गुळमुळीतपणा आमच्या भाषेत नाही. हा एवढा एकच धडा त्यानं पाठ केला होता.

मागच्या खिडकीतून मला आतलं सगळं दिसत होतं, आणि तेच वाईट झालं. नवरीची आई सातासमुद्रापलीकडे. आशीर्वाद द्यायला आईच लागते म्हणून ती पोर रडायला लागली. आमच्या कुटुंबाला तिच्या पांढऱ्या पोशाखाचा आणि उघड्या कपाळाचा इतका वेळ धसका बसलेलाच होता. हिनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, नवरीच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला, तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली आणि तिला पोटाशी धरलं. झालं, सगळे पोलंडवाले डोळे पुसायला लागले. हिला उचलून नवरीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. पाद्र्याला उठवून बसवली! जो नारळ माझ्या ओंजळीत यायला हवा होता, तो माझ्याच घरातून आला आणि माझ्या देखत नवरीच्या ओटीत गेला.

मग नवरीला भाऊ नाही, तर कानपिळी कोण करणार, असा प्रश्न हिनंच काढला आणि मोरूला पुढे ढकललं. साहेबाला हा विधी मीच शिकवला होता. त्यानं वाकून टकलाखालचा लालबुंद कान पुढे केला. मोरूनं तो असा पिळला, की शाळेत मी त्याचा पिळतो त्याचं सगळं उट्टं निघालं. साहेबानं खूश होऊन आपली फेल्टची हॅट मेव्हण्याच्या डोक्यावर ठेवली. तुळसाला नवरीच्या मुकुटातली रेशमी फीत मिळाली. पांडू त्या जाड बाईंच्या मांडीवर झोपून मानात घोरत होता. मान वाटपाला निघाला होता आणि आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना पोचत होता.

पोटात कावळे ओरडू लागले. आपणच उठून आत जावं का, असा नीच विचारही मनात येऊन गेला. पण रुसलेला माणूस कोणी न बोलावता उठला, तर तो रुसला होता याला पुरावा काय?

अखेर खिडकीशी रायबाचा आवाज आला. "सायब, मास्तर रुसल्यात."

"रुसल्यात म्हणजे काय?"

"आता कसा सांगू? फुगून बसल्यात. त्यांस मनवाया व्हवा."

"मी विचारले. ते नको म्हणाले."

"आवो सायब, आमच्यात पैला नको म्हंजे नको नाय. तीनदा इचारायचा असतो!"

सहा महिने मी जे शिकवू शकलो नाही, ते मुकादमानं एका वाक्यात शिकवलं. साहेब भलताच आनंदला. त्यानं सगळ्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि सगळी वरात पेले घेऊन माझ्या जांभळीकडे निघाली. पुढे आमचं कुटुंब, हातात घरून आणलेल्या दशम्यांचं ताट. मी घाईनं मान फिरवली आणि चेहरा गंभीर केला. शाल दिसत नव्हती, पण गर्दी चांगली होती.

"चला आता, पुरे," ही हळू आवाजात म्हणाली. "पोरं हसताहेत."

"आमचं काही नाही. तुमचं चालू दे," मी शास्त्राप्रमाणे म्हणालो.

तेवढ्यात त्या लाल मिशांच्या पोलंडवाल्यानं पेला उंच केला आणि ओरडला, "गोश्को!" सगळे ओरडू लागले, "गोश्को! गोश्को!" आमची मुलंही. गोश्को म्हणजे कडू. दारू कडू लागतेय, तेव्हा जोडप्यानं ती गोड करावी, अशी त्यांची रीत. गोड कशी करतात हे नवरानवरीनं मघाशी भरपंक्तीत करून दाखवलं होतं. तेव्हा रायबानं जमिनीकडे पाहिलं होतं आणि जनीनं पदर तोंडात कोंबला होता. आता तेच ते आम्हा दोघांकडून मागत होते! पदरात तीन मुलं असलेल्या मराठी शाळेच्या हेडमास्तराकडून, भर दुपारी!

ही ताट घेऊन दगडासारखी उभी. ओरडा वाढत चालला. मग जनीच पुढे आली. "ता नाय चालत आमच्यात, सायब. आमच्यात नाव घेत्यात. बाय, तुमी नाव घ्या गो, म्हंजे गोड झाला."

हिनं ताट खाली ठेवलं. पदर सावरला. मला वाटलं, लाजेल, मान खाली घालेल. ती सरळ माझ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली,

"मीठ पडलं पावात, साखर पडली दुधात,
महिपतराव रुसून बसले परक्याच्या लग्नात!"

रायबा तर जमिनीवर बसूनच हसला. साहेबानं भाषांतर केलं, ते बहुधा फार चांगलं केलं, कारण पोलंडवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. "आता मास्तर!" साहेब म्हणाला. "आता आपण. आपण तर गुरू!"

ज्या शब्दासाठी मी सकाळपासून तिष्ठत होतो तो अखेर आला, आणि असा आला. मी घसा खाकरला. अनुप्रास, यमक, शार्दूलविक्रीडित, सगळं मला येतं. मी म्हणालो, "घाटात घाट आंबेनळी..." पुढे काही येईना. पुन्हा म्हणालो, "घाटात घाट आंबेनळी..." मोरू हॅट मागे सारून माझ्याकडे टक लावून पाहत होता. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराकडे मी पाहतो, अगदी तसा. ही वाट बघत होती. लग्नाला दहा वर्षं झाली, पण 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापुढे मी गेलो नव्हतो. आमच्या घराण्यात कोणी गेलं नव्हतं.

यमक सापडेना, तेव्हा मी यमक सोडलं. "आनंदी," मी म्हणालो. एवढंच.

पोलंडवाल्यांना ते जरा आखूड वाटलं असावं, पण त्यांनी पेले रिकामे केले. ही मात्र एकदम वळली आणि ताट तिथेच ठेवून आत निघून गेली. जाताना तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मग मी दशम्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, पावाचा एक तुकडाही खाल्ला. बरा होता.

परत आलो तेव्हा मुरारीअण्णा आणि बनुबाई आमच्या फाटकाशी उभेच होते. एकीकडे शालीची चौकशी, दुसरीकडे प्रायश्चित्ताची तयारी. मी तोंड उघडणार, तोच मोरू हॅट उडवत आळीभर ओरडत सुटला, "बाबांनी आईचं नाव घेतलं! सगळ्यांसमोर! आनंदी म्हणाले!"

बनुबाईंनी गालावर हात मारून घेतला. अण्णांच्या हातातला तांब्या सुटला. शाल कुठे गेली, पाव कोणी खाल्ला, हे विचारायचं दोघांनाही भान राहिलं नाही. बाटलेल्याला शुद्ध करायचा विधी पोथीत आहे, पण बायकोला नावानं हाक मारणाऱ्याचं काय करायचं हे कुठल्याच पोथीत नाही. महाडात पुढचे आठ दिवस दुसरा विषय नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मागून कोणीतरी बारीक आवाजात 'आनंदी' म्हणे.

परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी न्हाणीत उभा राहून नेहमीप्रमाणे ओरडलो, "अगं, पाणी काढलंस का?"

"अगं!" आत भांडी वाजत होती. "ऐकलंस का?" भांडी आणखी जोरात वाजली.

थोड्या वेळानं तुळसा दारात आली. "आई म्हणते, तिला नाव आहे."

पलीकडे ओट्यावर मुरारीअण्णांच्या गुळण्या चालल्या होत्या. मी न्हाणीचं दार ओढून घेतलं, खिडकी लावली, आणि अगदी हळू आवाजात हाक मारली.

"जरा मोठ्यानं," आतून आवाज आला. "भांड्यांत ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं मारली. पलीकडच्या गुळण्या एकदम थांबल्या.